आकडा कमी म्हणजे रोग कमी?

प्रोस्टेटचा कॅन्सर कृष्णवर्णीय पुरुषांना जास्त होतो, हे वाक्य तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. अमेरिकेत ते खरंही आहे. तिथे या रोगाने मरणाऱ्या कृष्णवर्णीय पुरुषांचं प्रमाण गोऱ्यांच्या साधारण दुप्पट आहे. पण त्यांच्या पूर्वजांना ज्या पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून जहाजांत कोंबून नेलं, तिथे काय परिस्थिती होती?

1970 च्या दशकात अमेरिकेतलं वॉशिंग्टन आणि नायजेरियातलं इबादान, अशा दोन शहरांतल्या रुग्णांची तुलना झाली. वॉशिंग्टनमध्ये रोग जास्त, इबादानमध्ये कमी, असंच तेव्हा धरलं जायचं. मग कारणंही सुचली. अमेरिकेतलं मांसाहारी, चरबीचं खाणं, तिथली राहणी वगैरे. पटण्यासारखंच होतं सगळं.

पण 1997 मध्ये लागोसच्या डॉ. ओसेग्बे यांनी आपल्याकडच्या रुग्णांचा हिशोब मांडला आणि या समजालाच हात घातला. नायजेरियात हा रोग दुर्मिळ अजिबात नाही, असं त्यांचं म्हणणं. बहुतेक रुग्ण दवाखान्यात यायचे तेच रोग हाडांपर्यंत पसरल्यावर. आता बघा, जो गावातच कण्हत गेला, ज्याची बायोप्सी झाली नाही, तो कुठल्या वहीत सापडणार?

जमैकाचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. 1998 मध्ये किंग्स्टन शहरासाठी दर लाख पुरुषांमागे 304 असा आकडा प्रसिद्ध झाला. जगातला सर्वात जास्त म्हणून तो गाजला. पुढे त्याच शहराच्या कॅन्सर नोंदणीतून आलेला दर मात्र शंभराच्याही खाली होता. शहर तेच आणि माणसंही तीच, फरक होता तो मोजण्याच्या पद्धतीत.

अमेरिकेतही हेच दिसलं. पीएसए ही रक्ताची तपासणी 1980 च्या दशकाअखेर पसरू लागली आणि 1992 पर्यंत रुग्णांचा आकडा झपाट्याने चढला. एवढ्या थोड्या वर्षांत रोग काही इतका वाढत नाही. तो आता सापडू लागला होता.

मग वंशाचा काहीच संबंध नाही का? आहे. 2006 मध्ये आठव्या गुणसूत्रावरचा एक भाग या धोक्याशी जोडला गेला आणि धोका वाढवणारे बदल आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत जास्त आढळले. इंग्लंडमध्ये चार कृष्णवर्णीय पुरुषांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी हा रोग होतो, गोऱ्यांत आठांपैकी एकाला. पण रोग झाल्यावर त्याने मरण्याची शक्यता तिथे दोघांचीही जवळपास सारखीच, तिनांतला एक. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या 60 हजारांवर रुग्णांचा अभ्यास 2020 मध्ये आला. उपचार सगळ्यांना सारखे मिळाले तेव्हा कृष्णवर्णीय रुग्णांचे मृत्यू गोऱ्यांपेक्षा जास्त निघाले नाहीत.

म्हणजे रोग होण्यात रक्ताचा वाटा असेल, पण त्यातून वाचायचं की मरायचं हे बरंचसं दवाखान्याच्या दारावर ठरतं. आज जगाच्या नकाशावर या रोगाचे मृत्यूदर सर्वात जास्त कुठे आहेत? कॅरिबियन बेटांवर आणि सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत. ज्या आफ्रिकेत हा रोग 'कमी' म्हणायचे, तिथेच.

हे सगळं आपल्याला कशाला, असं कुणी विचारेल. तर मोजणीचा प्रश्न आपलाही आहे. मुंबईत 1963 पासून कॅन्सरची नोंदणी होते. खेड्यांसाठीची देशातली पहिली नोंदणी 1987 मध्ये आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत सुरू झाली. कर्मचारी गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, तेव्हा कुठे खेड्यातला कॅन्सर कागदावर आला. पण सगळ्या तालुक्यांच्या नशिबी बार्शी नाही. किती तरी म्हाताऱ्यांच्या मरणाचं कारण अजून 'वृद्धापकाळ' एवढंच सांगितलं जातं.

आणि कागदावर जो रोग नाही, त्याच्यासाठी ना मशीन मंजूर होतं, ना डॉक्टर. म्हणून पुढच्या वेळी कुणी 'आपल्या भागात हा आजार नाहीच' असं छातीठोक सांगितलं, तर एवढंच विचारा : मोजलं कुणी?