४०००६९

अंधेरी (पूर्व) टपाल कार्यालयाचा पिनकोड आणि एक मूळ संख्या. स्टेशनबाहेरच्या नागरदास रोडचा पत्ता पुष्कळजण अजूनही नुसता ‘मुंबई ६९’ असा लिहितात. पण ६९ म्हणजे ३ × २३, साधी संयुक्त संख्या. मागे ४००० लागले की तिचे अवयव पडेनासे होतात.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाले. योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. ते संस्कृतात कविताही करीत. पहिला ४ पश्चिम विभागाचा, ४०० मुंबईचे आणि उरलेले तीन अंक टपाल कार्यालयाचे. हे अंक वाटताना कोणी अवयव पाडून पाहिले असतील असे वाटत नाही.

संख्येचे वर्गमूळ ६३२ च्या किंचित पुढे जाते. म्हणून मूळपणाची खात्री हाताने करायची तर ६३२ पर्यंतच्या ११५ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. चिकाटीचे काम आहे. १४९ आणि १७९ यांनी भागताना बाकी अवघी ४ उरते, तेव्हा आपलेच कुठेतरी चुकले असे वाटून भागाकार पुन्हा मांडला जातो. शेवटच्या ६३१ ला बाकी १५. चारने भागल्यास बाकी १ उरत असल्याने ही मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून एकाच प्रकारे लिहिता येते: ५१३² + ३७०², म्हणजे २,६३,१६९ + १,३६,९००.

४०००६७, कांदिवली (पश्चिम), ही तिची जोडमूळ संख्या. दोघींच्या मध्ये ४०००६८ म्हणजे दहिसर (३६ × ११११३). लोकलने मात्र दहिसर कांदिवली-बोरिवलीच्याही पुढे येते.

उपनगरांतले बाकीचे आकडे इतके हट्टी नाहीत. बोरिवली (पश्चिम) ४०००९२ = २² × ३ × ७ × ११ × ४३३; विभाजक तब्बल ४८. लगेच पुढचा ४०००९३, अंधेरीतल्याच चकाला एमआयडीसीचा, पुन्हा मूळ. मुलुंड (पूर्व) ४०००८१ = ११ × ३७ × ९८३. मुलुंड (पश्चिम) ४०००८० आणि घाटकोपर (पश्चिम) ४०००८६ या हर्षद संख्या आहेत, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने त्यांना पूर्ण भाग जातो: एकीला १२ ने, दुसरीला १८ ने.

‘हर्षद’ हे नाव देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी दिलेले. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवत पुढे जाण्याचा त्यांचा आणखी एक खेळ होता. ज्या संख्येपर्यंत असे कुठूनच पोचता येत नाही तिला ते स्वयंभू म्हणत. ४०००६९ स्वयंभू नाही. सांताक्रूझ (पूर्व) ४०००५५, अंकांची बेरीज १४. मिळवले की अंधेरी. अंधेरीची बेरीज १९; मिळवले की ४०००८८, देवनार. एरवी अंधेरीहून देवनारला हार्बरने जायचे तर वडाळ्यामार्गे गोवंडीला उतरावे लागते.