ॲरिझोनाच्या शताब्दीचे टपाल तिकीट

अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या स्थापनेस शंभर वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त, त्या देशाच्या टपाल सेवेने २०१२ मध्ये विशेष तिकीट प्रकाशित केले. सेडोना शहराजवळील ‘कॅथिड्रल रॉक’ या तांबड्या खडकाचे निसर्गचित्र त्यावर आहे. वालुकाश्मातील लोहाच्या ऑक्साइडमुळे या खडकास तांबडा रंग प्राप्त झाला आहे. हे चित्र फिनिक्स येथे जन्मलेले चित्रकार एड मेल यांचे असून, वाळवंटी प्रदेशातील खडक आणि मेघ यांचे ठळक, कोनीय आकारांतील चित्रण ही त्यांची ओळख होती. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

हे तिकीट ‘फॉरएव्हर’ प्रकारातील आहे. त्यावर किंमत छापलेली नसते आणि पुढे टपालदर वाढले, तरी देशांतर्गत साध्या पत्रासाठी ते ग्राह्य धरले जाते. अमेरिकेत २००७ पासून अशी तिकिटे उपलब्ध आहेत.

ॲरिझोनाला राज्याचा दर्जा मिळण्यास दीर्घकाळ लागला. १८६३ मध्ये या भागास स्वतंत्र प्रदेशाचे स्वरूप देण्यात आले. न्यू मेक्सिकोसह एकच राज्य करण्याचा प्रस्ताव ॲरिझोनाच्या मतदारांनी १९०६ मध्ये फेटाळला. न्यायाधीशांना मतदानाद्वारे पदच्युत करण्याची तरतूद राज्यघटनेच्या मसुद्यात असल्याने, राष्ट्राध्यक्ष विल्यम टाफ्ट यांनी १९११ मध्ये राज्यनिर्मितीचा ठराव नामंजूर केला. ती तरतूद वगळल्यावर, १४ फेब्रुवारी १९१२ रोजी ॲरिझोना देशाचे ४८ वे राज्य झाले. त्याच वर्षी मतदारांनी वगळलेली तरतूद पुन्हा घटनेत समाविष्ट केली.

राज्यस्थापनेचा लाभ मात्र सर्वांना एकाच वेळी मिळाला नाही. तेथील मूळनिवासी समाजांना मतदानाचा हक्क मिळण्यासाठी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९४८ मधील निर्णयाची वाट पाहावी लागली.

राज्याच्या सुवर्णमहोत्सवानिमित्तही १९६२ मध्ये ४ सेंट मूल्याचे तिकीट निघाले होते. त्यावर सग्वारो हे प्रचंड निवडुंग दाखवले होते. या निवडुंगाचे फूल हे ॲरिझोनाचे राज्यपुष्प आहे. अर्धशतकाच्या अंतराने निघालेल्या या दोन्ही तिकिटांवर राज्यकर्ते वा इमारती यांऐवजी तेथील भूमीलाच स्थान मिळाले आहे.