उंदीर खाणारं खोकड आणि कोल्हा : शेतातल्या अन्नसाखळीत यांचं काम काय?

शिवरे (ता. भोर) : पुणे-सातारा महामार्गालगतचं शिवरे असो की वेल्ह्याकडची डोंगरातली वाडी, रात्री कोल्हेकुई ऐकू आली की आधी कोंबड्यांचा खुराडा आठवतो. कोंबडीवर त्याचा डोळा असतो हे खरंच आहे. पण त्याच्या रोजच्या खाण्यात मोठा वाटा उंदरांचा असतो आणि तेच उंदीर भात, भुईमूग अन् कणगीतलं धान्य फस्त करतात.

खोकड वेगळं, कोल्हा वेगळा

गावात दोघांनाही सरसकट कोल्हाच म्हणतात. खोकड लहान असतं. वजन साधारण दोन-तीन किलो, कान मोठे, तोंड निमुळतं आणि झुपकेदार शेपटीचं टोक काळं. ते उघड्या माळावर राहतं, दाट जंगल टाळतं. कोल्हा त्याच्या तिप्पट वजनाचा, गावठी कुत्र्यासारखा दिसणारा. ओढा, झुडपं, उसाचं रान, त्याला कुठलीही जागा चालते.

काय खातात?

खोकड उंदीर, टोळ, वाळवी, भुंगेरे, सरडे, खेकडे, जमिनीवरची पक्ष्यांची अंडी आणि बोरं खातं. कोल्हा यातलं बहुतेक सगळं खातो, शिवाय मेलेली जनावरंही. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. खाल्लेल्या बोरांच्या बिया विष्ठेतून माळावर पसरतात, तिथे नवी झुडपं उगवतात.

साखळी कशी चालते?

गवत आणि पीक उंदीर-टोळ खातात. त्यांना खोकड, कोल्हा, साप आणि घुबड खातात. खोकड-कोल्ह्याला बिबट्या मारतो. प्रत्येक पायरीवर खाल्लेल्या अन्नातला ढोबळमानाने दहावा हिस्साच पुढे पोचतो. म्हणूनच रानात उंदीर ढिगाने आणि खोकडं मोजकीच असतात.

उंदराची मादी तीन आठवड्यांत वितते आणि वर्षात अनेकदा विते. खोकड मात्र वर्षातून एकदाच, बहुतेक उन्हाळ्याच्या तोंडाला, दोन ते चार पिल्लं देतं. उंदीर मारले तर काही महिन्यांत पुन्हा तेवढेच होतात. खोकडाची जोडी मेली तर ती जागा लवकर भरत नाही. मग उंदरांना आवरायला रानात कोणी उरत नाही.

औषध टाकताना

ब्रोमॅडिओलोनसारखं औषध खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस तो सुस्त होऊन फिरतो आणि सहज सापडतो. असे उंदीर खाल्ल्याने खोकड, कोल्हा, घुबड आणि घरचं मांजरही दगावू शकतं. त्यामुळे औषध बिळाच्या आत टाकावं, उघड्यावर ठेवू नये. मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावेत. घराजवळ पिंजरे लावावेत. रानात घुबडांना बसायला काठीचे पक्षीथांबे उभे करावेत.

मोकाट कुत्र्यांचा धोका

सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजच्या माळरानावर खोकड आणि कुत्र्यांचा अभ्यास झाला आहे. कुत्र्यांचा वावर असेल तिथे खोकड जाणं टाळतं, असं त्यात दिसलं. कुत्र्यांकडून डिस्टेंपर आणि रेबीज हे आजारही रानातल्या प्राण्यांत पसरतात. हॉटेलांचं खरकटं आणि पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकल्या की कुत्री वाढतात. मेलेल्या कोंबड्या पुराव्यात आणि पाळलेल्या कुत्र्यांना लस द्यावी.

हे लक्षात ठेवा

- खुराडा पक्का जाळीचा असावा, दिवस मावळायच्या आत बंद करावा.
- बिळाजवळ पिल्लं दिसली तर उचलून घरी आणू नयेत. आई बहुधा जवळपासच असते.
- खोकड-कोल्ह्याला मारणं किंवा पकडणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे.
- कोल्हा किंवा कुत्रा चावला तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवावी. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्यावी. हळद-चुना लावत बसू नये.
- प्राणी जखमी दिसला किंवा विहिरीत पडला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.