चोर ठरलेल्या वाचकांची उत्तरे

३ फेब्रुवारी १९७६ ही तारीख घातलेले एक पानी पत्र संगणकाच्या इतिहासावरच्या बहुतेक पुस्तकांत भेटते. लिहिणारा वीस वर्षांचा, हार्वर्ड विद्यापीठातला विद्यार्थी. पत्राखाली सही 'बिल गेट्स, जनरल पार्टनर, मायक्रो-सॉफ्ट'. मधली आडवी रेघ तेव्हा होती. पत्र लिहिले होते हौशी संगणकवाल्यांना, आणि त्यातला मुद्दा थोडक्यात असा: तुमच्यापैकी बहुतेक जण सॉफ्टवेअर चोरता. यंत्राचे पैसे मोजायचे असतात हे तुम्हाला पटते, पण सॉफ्टवेअर मात्र आपापसांत वाटून घ्यायची वस्तू आहे असे तुम्ही धरून चालता. ते लिहिणाऱ्याला काही मिळते की नाही, याची फिकीर कोणाला आहे?

हे पत्र प्रसिद्ध आहे. त्याला वाचकांनी दिलेली उत्तरे तितकी प्रसिद्ध नाहीत. ती हौशी मंडळांच्या सायक्लोस्टाइल छापाच्या वार्तापत्रांत विखुरली आणि बरीचशी तिथेच राहिली. पत्र लिहिणारा पुढे जगातला सर्वात श्रीमंत माणूस झाला, त्यामुळे त्याचे म्हणणे दूरदृष्टीचे ठरले आणि उत्तरे देणारे फुकटे, किंवा फार तर भाबडे, ठरले. ही वाटणी मला मान्य नाही. ती उत्तरे नीट पाहिली की दिसतात ती फुकट्यांची नव्हे, तर चिडलेल्या गिऱ्हाइकांची. आणि चिडण्याला कारणे होती.

कारणांसाठी एक वर्ष मागे जावे लागते. जानेवारी १९७५च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' नावाचे यंत्र झळकले. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की शहरात एड रॉबर्ट्स यांची 'मिट्स' नावाची छोटी कंपनी होती, आणि ती तेव्हा कर्जात बुडालेली होती. सुमारे चारशे डॉलरमध्ये घरी जोडायचा संगणक, अशी जाहिरात. रॉबर्ट्स यांना काहीशे यंत्रे खपतील अशी आशा होती; मागण्या हजारोंनी आल्या. लोकांनी आगाऊ पैसे पाठवले आणि महिनोन्‌महिने वाट पाहिली. शेवटी खोके आले तेव्हा त्यात सुटे भाग होते, स्वतः डाग देऊन जोडायचे. जोडून झाल्यावर हाती लागायची ती एक पेटी, पुढच्या बाजूला कळा आणि लुकलुकणारे दिवे. स्मरणशक्ती २५६ बाइट. हा परिच्छेद मांडायला त्याहून कितीतरी जास्त जागा लागेल.

या पेटीला उपयोगी करायची तर एखादी सोपी आज्ञाभाषा हवी. ती म्हणजे 'बेसिक'. ही भाषा गेट्स यांची नव्हे. डार्टमाउथ महाविद्यालयातले जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी ती १९६४ साली विद्यार्थ्यांसाठी बनवली आणि कोणालाही वापरता येईल अशी मोकळी सोडली. गेट्स, त्यांचे शाळासोबती पॉल अ‍ॅलन आणि आकडेमोडीचा भाग लिहिणारे माँटी डेव्हिडॉफ या तिघांनी ती अल्टेअरच्या चिमुकल्या जागेत बसवली. काम असामान्य होते यात वाद नाही. अल्टेअर समोर नसताना त्याची नक्कल हार्वर्डच्या मोठ्या पीडीपी-१० संगणकावर उभी करून त्यांनी ते केले. हा पीडीपी-१० लक्षात ठेवावा, तो पुढे साक्षीला येणार आहे.

आता विक्रीची रीत पाहा, कारण भांडणाचे मूळ इथे आहे. मिट्सने बेसिक दोन भावांनी ठेवले. मिट्सचे मेमरी बोर्ड आणि जोडणीचे बोर्ड घेतले तर आठ हजार बाइटवाले बेसिक ७५ डॉलरला. नुसते बेसिक हवे असेल तर किंमत त्याच्या कितीतरी पट. जोडीने घेणे फायद्याचे होते, पण त्या जोडीतले मिट्सचे चार हजार बाइटचे मेमरी बोर्ड चालत नव्हते. ते धड चालत नाहीत याची त्या काळातल्या जवळजवळ सगळ्यांनी आठवण लिहून ठेवली आहे. 'प्रोसेसर टेक्नॉलॉजी' या दुसऱ्या छोट्या कंपनीचे बोर्ड चालत. म्हणजे गिऱ्हाइकापुढे पर्याय असे: नादुरुस्त बोर्ड घेऊन बेसिक स्वस्तात मिळवा, नाहीतर चालणारे बोर्ड घ्या आणि बेसिकसाठी यंत्राच्या किमतीशी बरोबरी करणारे पैसे मोजा. तिसरा पर्याय लोकांनी स्वतः शोधला.

तो कसा शोधला ही कथा बरीच रंगवून सांगितली जाते. गाभा एवढाच. मिट्सची माणसे गाडीत यंत्र घालून गावोगावी प्रात्यक्षिके दाखवत फिरत होती. जून १९७५मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टो इथे रिकीज हयात हाउस या हॉटेलात असेच प्रात्यक्षिक झाले. बेसिक तेव्हा भोके पाडलेल्या कागदी फितीवर असे. तिथली एक फीत नाहीशी झाली. जवळच मेन्लो पार्कमध्ये, एका सभासदाच्या गॅरेजात, ५ मार्च १९७५ रोजी 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' सुरू झालेला होता. फीत फिरत फिरत डॅन सोकोल या सभासदाकडे आली, त्यांनी नोकरीच्या ठिकाणच्या वेगवान यंत्रावर तिच्या प्रती काढल्या आणि पुढच्या बैठकीत वाटल्या. अट एकच: एक प्रत न्या, पुढच्या वेळी दोन आणा. गमतीचा भाग असा की ती फीत अपुऱ्या, चुका राहिलेल्या बेसिकची होती. ज्यांनी आगाऊ पैसे भरले होते ते मात्र अजून टपालाची वाट पाहत बसले होते.

गेट्स यांच्या कंपनीला मिट्सकडून विकल्या गेलेल्या प्रतीमागे ठरावीक रक्कम मिळे. चार हजार बाइटच्या बेसिकला ३० डॉलर, आठ हजाराच्या बेसिकला ३५. प्रती विकल्या गेल्या नाहीत तर रक्कमही नाही. म्हणून पत्रात आकडे आले: अल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी लोकांनी बेसिक विकत घेतले; आमच्या श्रमाचा मोबदला तासाला दोन डॉलरहूनही कमी पडला; वापरलेल्या संगणकाच्या वेळेचीच किंमत चाळीस हजार डॉलरच्या वर जाते. हिशेब हळहळ वाटण्यासारखा होता. पत्र मिट्सच्या 'कॉम्प्युटर नोट्स' या वार्तापत्रात छापले गेले, होमब्रूच्या वार्तापत्रात छापले गेले, आणखीही ठिकाणी गेले.

मग उत्तरे आली.

त्यातले मला सर्वात नेमके वाटते ते 'मायक्रो-८' वार्तापत्राचे हॅल सिंगर यांचे. त्यांनी गेट्सना उत्तर दिलेच नाही. खुले पत्र लिहिले ते रॉबर्ट्स यांना. चारशे डॉलरच्या आत संगणक देतो म्हणालात, प्रत्यक्ष चालणारे यंत्र उभे करायला हजाराच्या घरात खर्च येतो; मग खोट्या जाहिरातीबद्दल तुमचीच चौकशी का होऊ नये? आणि पुढचा टोला: हे बेसिक हार्वर्डच्या संगणकावर तयार झाले अशी चर्चा आहे, त्या संगणकाला सरकारी पैसा आहे. करदात्यांनी एकदा ज्याचे पैसे भरले ते त्यांनी पुन्हा का विकत घ्यावे? चाळीस हजारांचा आकडा गेट्स यांनी सहानुभूतीसाठी दिला होता. वाचकांनी तोच उचलून विचारले, की हे चाळीस हजार कोणाच्या खिशातले? चर्चा निराधार नव्हती. पीडीपी-१० अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर चालत होता, आणि व्यापारी कामासाठी व बाहेरच्या माणसाला घेऊन तो वापरल्याबद्दल हार्वर्डने गेट्सना समजही दिली होती.

दुसरा सूर जुन्या रिवाजाचा होता. १९६९ सालच्या जूनपर्यंत, आयबीएमने वेगळी आकारणी जाहीर करेपर्यंत, सॉफ्टवेअर सहसा यंत्राबरोबर मिळे आणि वापरणारे ते एकमेकांना देत. त्यासाठी १९५५पासून 'शेअर' नावाचा वापरणाऱ्यांचा संघच होता. ज्यांची उमेदवारी त्या वातावरणात गेली त्यांना 'चोर' हा शब्द झोंबणे साहजिक होते. कायदाही तेव्हा धूसर होता. संगणकाच्या आज्ञावलीला स्वामित्वहक्क आहे असे स्पष्ट शब्दांत सांगणारी दुरुस्ती अमेरिकेत १९८० साली आली. आपल्याकडे १९५७च्या कायद्यात ती १९८४ साली आली, आणि आज्ञावली 'साहित्यकृती' या व्याख्येत जाऊन बसली. साहित्यिकांना याची खबर किती लागली, देव जाणे.

इथे एक कबुली द्यायला हवी. नव्वदच्या दशकात मी एका छापखान्यात अक्षरजुळणीचे काम करत असे. मराठी फॉण्टबरोबर एक ठोकळा यायचा, संगणकाच्या पाठीला लावायचा. तो नसेल तर अक्षरे उमटत नसत. ठोकळा महाग, आणि एकाच यंत्रापुरता. आमच्याकडे यंत्रे चार आणि ठोकळा एक होता. उरलेल्या तीन यंत्रांवर अक्षरे कशी उमटत, हे कोणी विचारत नसे. त्यावर दिवाळी अंकही जुळले. देवनागरीचे एकेक जोडाक्षर घडवत बसलेला माणूस मला तेव्हा एकदाही आठवला नाही. आठवायची ती मालकाची किंमत आणि ठोकळा बिघडला तर बदलून द्यायला लागणारे तीन आठवडे. त्यामुळे १९७६चे वाचक मला परके वाटत नाहीत, आणि गेट्स यांचा प्रश्न टाळून पुढेही जाता येत नाही. तीन माणसांच्या वर्षाची मेहनत घालून, चुका शोधून, माहितीपुस्तिका लिहून कोण हौशी माणूस फुकट वाटेल, असा तो प्रश्न होता. सिंगर यांच्या सगळ्या टोल्यांत याचे उत्तर नाही.

उत्तर दिले ते दुसऱ्याच लोकांनी, आणि ते पत्राने दिले नाही. कॅलिफोर्नियात 'पीपल्स कॉम्प्युटर कंपनी' या नावाचे, कंपनी नसलेले, एक नियतकालिक बॉब आल्ब्रेख्ट चालवत. त्यांच्या आग्रहावरून स्टॅनफर्डमधले डेनिस अ‍ॅलिसन यांनी १९७५मध्येच 'टायनी बेसिक'चा आराखडा छापायला घेतला होता: दोनतीन हजार बाइटमध्ये मावेल अशी लहानशी भाषा, वाचकांनी आपापल्या यंत्रावर स्वतः लिहायची. टेक्ससमधल्या दोघा वाचकांनी ती लिहून पाठवलीसुद्धा. आकड्यांच्या त्या याद्या छापायला १९७६च्या जानेवारीत 'डॉक्टर डॉब्ज जर्नल' निघाले. विचार फक्त तीन अंकांचा होता. ते काही दशके चालले. त्याचे संपादक जिम वॉरेन यांनी त्याच वर्षी जुलैत मांडलेला मुद्दा गेट्स यांच्या प्रश्नाला समोरून भिडतो: सॉफ्टवेअर फुकट असेल, किंवा इतके स्वस्त असेल की नक्कल करत बसण्यापेक्षा पैसे देणे सोपे जाईल, तर ते कोणी चोरणार नाही. टॉम पिटमन यांनी हे करून पाहिले. त्यांनी आपले टायनी बेसिक पाच डॉलरला विकायला काढले आणि लोकांच्या प्रामाणिकपणावर विसंबले. मागण्या आल्या. स्टीव्ह वॉझनियाक यांनी आपल्या यंत्रासाठी स्वतःच बेसिक लिहिले, आणि अ‍ॅपलच्या पहिल्या यंत्राच्या जाहिरातीत आमचे सॉफ्टवेअर फुकट किंवा नाममात्र किमतीत देण्याचे धोरण आहे असे छापले. ते धोरण पुढे कुठे गेले, हा वेगळा लेख होईल.

सर्वात तिखट उत्तर एका ओळीचे आहे. ली-चेन वांग यांनी १९७६ साली आपल्या टायनी बेसिकच्या माथ्यावर 'कॉपीराइट, सर्व हक्क राखीव' या ठरलेल्या वाक्याच्या जागी त्याची उलटापालट टाकली. 'राइट'चा 'लेफ्ट' केला आणि 'हक्क'चा 'राँग'. कॉपीलेफ्ट, सर्व 'चुका' राखीव. मराठीत त्यातली कोटी मरते. पुढे रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीत हाच शब्द कायदेशीर अर्थाने रुजवला. त्यांना तो मित्राच्या एका पत्रावरून सुचला होता, वांग यांच्याकडून नव्हे. त्यामुळे ही थेट वंशावळ समजू नये. पण अशी उलटी कोटी दोनदा वेगवेगळ्या ठिकाणी सुचावी, इतका राग हवेत होता.

आणि गेट्स? त्यांनी एप्रिल १९७६मध्ये 'दुसरे आणि शेवटचे पत्र' लिहिले. याकडे इतिहासकार फारसे वळत नाहीत, कारण ते बेताचे, समजूतदार आहे. मार्चअखेर अल्बुकर्कीत अल्टेअरवाल्यांचा मेळावा झाला, तिथे लोक त्यांना प्रत्यक्ष भेटले होते. सगळ्यांना चोर म्हणायचा माझा हेतू नव्हता, बहुसंख्य लोक बुद्धिमान आणि प्रामाणिक आहेत, असे त्यांनी लिहिले. मी मिट्सचा नोकर नाही, माझ्या पत्राचा राग मिट्सवर काढू नका, हेही लिहिले. आणि आपल्याला निषेधाची पत्रे आली ती फक्त तीन, असे नमूद केले. वार्तापत्रांतून उठलेला गदारोळ पाहता हा आकडा पाहून माणूस थबकतो. लोक भांडले ते आपापल्या अंकांतून, एकमेकांच्या साक्षीने. ज्याच्याशी भांडायचे त्याला टपाल हशील खर्चून लिहिणारे तीनच निघाले.

याच दुसऱ्या पत्रात पुढची वाट दिसते. आज्ञावली फितीवर न देता यंत्रातल्या कायमच्या चिपवर बसवावी, आणि यंत्र बनवणाऱ्या कंपनीने तिचे पैसे द्यावेत, म्हणजे चोरीचा प्रश्नच उरत नाही, असा त्यांचा विचार तिथे आहे. १९७७ साली कमोडोर पेट हे यंत्र बाजारात आले. कळ दाबली की बेसिक हजर. त्याचे पैसे कमोडोरने मायक्रोसॉफ्टला ठोक द्यायचे होते आणि ते यंत्राच्या किमतीत मुरले होते. गिऱ्हाइकाच्या पावतीवर बेसिक नावाची वेगळी ओळ नव्हती.