‘मोदक’ : गुबगुबीत अक्षरांची शिस्त

मराठी मुद्रणाचा इतिहास आपण बहुधा गंभीर अक्षरांचा इतिहास म्हणून लिहितो. गणपत कृष्णाजींचा छापखाना, जावजी दादाजींच्या ‘निर्णयसागर’चे सुबक खिळे, संगणकाच्या काळात र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’. ही अक्षरे सलग मजकुरासाठी घडली. खेळकर अक्षर या इतिहासाबाहेर राहिले, कारण त्याचा मुक्काम खिळ्यांच्या पेटीपेक्षा चित्रकाराच्या कुंचल्यात अधिक होता. कमल शेडगे नाटकाचे शीर्षक रेखाटत, ते त्या एका नाटकापुरते.

म्हणून मला ‘मोदक’ हा टंक महत्त्वाचा वाटतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेच्या सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी त्याची देवनागरी अक्षरे आधी हाताने रेखाटली, मग ती संगणकावर उतरली. रोमन अक्षरे नूपुर दातये यांची. त्यांना गिरीश दळवी यांचे साहाय्य लाभले. अक्षरे नावाप्रमाणेच फुगीर आहेत. सामान्य टंकात ‘ब’च्या पोटात मोकळी जागा असते, इथे तिची केसासारखी बारीक भेग उरते.

दिसायला हा पोरखेळ वाटतो. पण शीर्षक रेखाटणाऱ्याला समोरच्या दोन-चार शब्दांचाच विचार करायचा असतो. टंक घडवणाऱ्याला मात्र अजून कोणी न लिहिलेल्या शब्दांनाही उत्तर द्यावे लागते. ‘द्व’, ‘ष्ट्र’, ‘ज्ञ’ यांसारखी जोडाक्षरे, वर रफार, खाली उकार, आणि हे सगळे ठरावीक उंचीत. अशा जाड अक्षरात रेघेला जागाच नसते. वाचनीयता त्या भेगांवरच तोलायची असते. भेग जागोजागी कमी-जास्त करावी लागते, तरी डोळ्याला ती एकसारखी भासली पाहिजे.

त्याचा उपयोगही यावरूनच ठरतो. बालपुस्तकाचे मुखपृष्ठ, खाऊचे वेष्टन, जत्रेचा फलक इथे तो शोभतो. बारा पॉइंटात परिच्छेद जुळवला, तर भेगा बुजून अक्षराचा ठिपका होतो.

हा टंक मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. खेड्यातल्या शाळेलाही तो फुकट वापरता येतो. ही मोठी सोय आहे. पण तिला दुसरी बाजू आहे. पूर्वी पाटीच्या कोपऱ्यात पेंटर आपले नाव घाली. फ्लेक्सवरच्या टंकाखाली कोणाचेच नाव नसते. आपली पुस्तकेही मुखपृष्ठकार, अक्षरजुळणी, मुद्रक यांची नोंद करतात. अक्षर घडवणाऱ्याची क्वचितच. उद्याच्या अभ्यासकाने या काळातली अक्षरे कोणाची, हे शोधायचे कुठे? श्रेयनामावलीत टंकाचे आणि टंककाराचे नाव छापायला एक ओळ पुरते. दिवाळी अंकांनी ती सुरू करावी.