स्थानिक स्वराज्य संस्थांचा पायाभूत सुविधा व पर्यावरण खर्च (महाराष्ट्र)

ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपंचायत, नगरपरिषद व महानगरपालिका या संस्थांनी रस्ते, पाणीपुरवठा, मलनिःसारण, पर्जन्यजल वाहिन्या, पथदिवे आदी सुविधांवर आणि घनकचरा, सांडपाणी, नदी-नाले, झाडे व हवा यांच्या व्यवस्थापनावर केलेला खर्च. अंदाजपत्रकात या दोहोंची शीर्षे निराळी असली, तरी व्यवहारात ते एकमेकांत गुंतलेले असतात. नळाने आलेल्या पाण्यापैकी सुमारे 80 टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे नियोजनात धरले जाते. त्यामुळे प्रत्येक नव्या पाणीयोजनेमागोमाग शुद्धीकरणाचा खर्च येतोच.

कायदेशीर आधार : 73व्या व 74व्या घटनादुरुस्त्या 1993 मध्ये अंमलात आल्या. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी 29 आणि बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी 18 विषय दिले आहेत. पाणीपुरवठा, स्वच्छता, रस्ते यांबरोबर नागरी वनीकरण व पर्यावरणसंरक्षण हे विषयही बाराव्या अनुसूचीत आहेत. राज्याच्या महानगरपालिका अधिनियमानुसार आयुक्तांनी दरवर्षी 31 जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणाचा सद्यस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो. नागरी क्षेत्रातील झाडांसाठी 1975 च्या कायद्याने वृक्ष प्राधिकरणाची तरतूद केली. घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 यांनी ओला-सुका कचरा वेगळा गोळा करून त्यावर प्रक्रिया करण्याचे काम स्थानिक संस्थांवर सोपवले.

निधीचे स्रोत : मालमत्ता कर, पाणीपट्टी व बांधकाम परवानगीचे विकास शुल्क ही स्वतःच्या उत्पन्नाची मुख्य साधने होत. जकात हा महापालिकांचा एकेकाळचा मोठा आधार. तिच्या जागी बहुतेक शहरांत स्थानिक संस्था कर आला, मुंबईत मात्र ती टिकून होती. वस्तू व सेवा कर 1 जुलै 2017 पासून लागू झाल्यावर हे दोन्ही कर संपले आणि राज्याकडून मिळणारी भरपाई त्यांच्या जागी आली. कर्जरोखे हाही एक मार्ग आहे. समान पाणीपुरवठा योजनेसाठी पुणे महापालिकेने 2017 मध्ये 200 कोटी रुपयांचे रोखे 7.59 टक्के व्याजाने विकले.

ग्रामपंचायतींचा मोठा आधार वित्त आयोगाचा निधी. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-26 या काळातील पंचायतींच्या अनुदानापैकी 60 टक्के ‘बंधित’ व 40 टक्के ‘अबंधित’ होते. बंधित निधीचा निम्मा भाग स्वच्छतेसाठी आणि निम्मा पिण्याचे पाणी, पर्जन्यजल संधारण व पाण्याच्या पुनर्वापरासाठी राखलेला होता. अबंधित निधी गावाच्या गरजेनुसार वापरता येई, मात्र त्यातून पगार व आस्थापना खर्च भागवता येत नसे.

खर्चाची पद्धत : गावात ग्रामसभेपुढे विकास आराखडा मांडून कामे ठरतात. महापालिकेत आयुक्तांचे अंदाजपत्रक स्थायी समितीतून सर्वसाधारण सभेपुढे जाते. 2022 पासून पुढची काही वर्षे अनेक महापालिकांत निवडून आलेले सभागृह नव्हते, त्या काळात हे निर्णय प्रशासकांनी घेतले. मंजूर कामाला प्रशासकीय व तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंद आणि देयक असे टप्पे असतात.

भांडवली खर्चातून रस्ता, टाकी, केंद्र उभे राहते. वीजबिल, कामगार, रसायने व दुरुस्ती महसुली खर्चातून भागते. मुंबई महापालिकेच्या 2025-26 च्या सुमारे 74,427 कोटी रुपयांच्या अंदाजपत्रकात भांडवली खर्च सुमारे 43,162 कोटी, म्हणजे निम्म्याहून अधिक होता.

उदाहरणे : 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिमी पाऊस झाला. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला सुमारे 25 मिमी पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. ही क्षमता 50 मिमीपर्यंत नेण्याच्या ‘ब्रिमस्टोवॅड’ योजनेला महापुरानंतर वेग आला. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह आदी ठिकाणी उदंचन केंद्रे उभी राहिली. तरीही दर पावसाळ्यापूर्वी नालेसफाईचा खर्च अटळ राहतो. नाल्यात गाळ आणि प्लास्टिक साचले, तर पुढची पंप-यंत्रणा अपुरी पडते.

पुण्यात मुळा-मुठा प्रदूषणमुक्तीसाठी जपानी कर्जसाह्याच्या सुमारे 990 कोटी रुपयांच्या प्रकल्पाचा करार 2016 मध्ये झाला. त्यात 11 मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे योजली होती. प्रत्यक्ष बांधकामाला त्यानंतर काही वर्षे लागली आणि तोवर शहर वाढतच राहिले.

देखभालीचा प्रश्न : केंद्र व राज्याची योजना उभारणीचा पैसा देते, देखभाल मात्र मुख्यतः स्थानिक तिजोरीवर येते. गावात पाणीपट्टी पुरेशी जमत नाही, पंपाचे वीजबिल थकते, जोडणी तुटते आणि टाकी कोरडी राहते. शहरात शुद्धीकरण केंद्र अपुऱ्या क्षमतेने चालले, की मैलापाणी थेट नदीत जाते. ही हानी लेखापरीक्षेत रुपयांत दिसत नाही. ती खालच्या गावच्या पाणवठ्यावर दिसते, आणि त्या गावाला वरच्या शहराच्या अंदाजपत्रकावर मत देता येत नाही. म्हणून नव्या कामाला मंजुरी देतानाच त्याच्या देखभालीची तरतूद लिहून ठेवणे आवश्यक आहे, आणि पर्यावरण सद्यस्थिती अहवाल अंदाजपत्रकाच्या शेजारी ठेवून वाचला पाहिजे. वाहिनी, केंद्र आणि रोपे यांवर खर्च झालेल्या पैशांतून पाणी, हवा व सावली किती मिळाली, हे तेव्हाच ताडून पाहता येते.