अहवालातील कोड आणि त्याच्या मांडणीचा अधिकार

आज्ञावलीतील मोकळ्या जागा, ओळींची तोड आणि डावीकडचे समास यांना बहुतेक संगणकभाषांत यंत्राच्या लेखी काहीच अर्थ नसतो. त्यांचा उपयोग वाचणाऱ्या माणसालाच होतो. म्हणूनच कोड छापण्याची वेळ आली की त्याची मांडणी लिहिणाऱ्याने ठरवायची की छापणाऱ्या साधनाने, हा प्रश्न उभा राहतो. कोड, त्यातून निघालेली उत्तरे आणि त्यांचे विवेचन एकाच दस्तऐवजातून तयार होऊ लागल्यानंतरच्या काळाचा मागोवा घेतला असता, हा अधिकार आधी साधनाकडे गेला आणि पुढे लेखकाकडे परत आला, असे दिसते.

डोनाल्ड कनूथ यांनी १९८४ साली ‘लिटरेट प्रोग्रॅमिंग’ या नावाने जी कल्पना मांडली, तिचा गाभा असा की, आज्ञावली ही मुख्यतः माणसाने वाचण्यासाठी लिहावी. त्यांच्या ‘वेब’ या प्रणालीत, जिचा आजच्या इंटरनेटशी संबंध नाही, एकाच मूळ फाइलवर दोन साधने काम करीत. त्यांपैकी ‘टँगल’ हे यंत्रासाठी पास्कल भाषेतील कोड काढी आणि त्यातील अनावश्यक जागा गाळून तो जवळजवळ न वाचण्याजोगा करी. ‘वीव्ह’ हे छपाईसाठीचे रूप विणी, ज्यात भाषेचे राखीव शब्द ठळक, चलांची नावे तिरक्या अक्षरांत आणि मूल्य देण्याचे चिन्ह डावीकडे वळलेल्या बाणाच्या आकारात येई. ‘टेक’ या अक्षरजुळणीच्या आज्ञावलीचा १९८६ साली निघालेला छापील ग्रंथ याच पद्धतीने सिद्ध झाला. येथे लेखकाने टंकलेली मांडणी हा केवळ कच्चा माल होता. तिचे छापील रूप साधन ठरवीत असे.

या देखणेपणाची किंमत अशी होती की, प्रत्येक संगणकभाषेचे व्याकरण साधनाला वेगळे शिकवावे लागे. नॉर्मन रॅम्झी यांनी ‘नोवेब’ या साध्या साधनात ही सजावटच सोडून दिली, कोड जसा लिहिला तसाच छापला आणि त्यामुळे एकच साधन कोणत्याही भाषेसाठी वापरता येऊ लागले.

व्हिएन्नामध्ये काम करणारे संख्याशास्त्रज्ञ फ्रीडरिश लाइश यांनी २००२ साली ‘स्वीव्ह’ मांडले, तेव्हा कोडचे तुकडे वेगळे दाखविण्याच्या खुणा त्यांनी नोवेबकडूनच घेतल्या. आर या संख्याशास्त्रीय भाषेतील कोड अहवालातच चालवावा आणि त्याचे तक्ते व आकृत्या जागच्या जागी याव्यात, ही त्यामागची योजना होती. मात्र नोवेबचा जसेच्या तसे छापण्याचा दंडक त्यात आपोआप आला नाही. स्वीव्ह मूळ धाटणीत कोडचे व्याकरणिक विश्लेषण करून त्यातून मजकूर पुन्हा नव्याने रचत असे. विश्लेषणात केवळ अर्थ उरत असल्यामुळे एकाखाली एक लिहिलेले घटक एका ओळीत येत आणि लेखकाच्या टिपा गळून पडत. एखाद्या संशोधकाने काही नोंदी का वगळल्या याचे कारण त्या ओळीशेजारीच लिहून ठेवले असेल, तर अहवालात वगळण्याची आज्ञा दिसे, पण कारण दिसत नसे. मूळ मजकूर राखण्याचा पर्याय उपलब्ध होता. तो आपोआप लागू होण्यास पुढे बरीच वर्षे जावी लागली.

आयोवा स्टेट विद्यापीठात संशोधन करणाऱ्या यीह्वे शिए यांच्या ‘निटर’ या साधनाने २०१२पासून हा विषय अधिक बारकाईने हाताळला. कोड दाखवावा की लपवावा, त्याला रंग द्यावेत की नाही, याचा निर्णय प्रत्येक तुकड्यापुरता घेता येऊ लागला. उत्तरांच्या ओळींपुढे टिपेचे चिन्ह लावण्याची पद्धत आल्याने वाचकाला कोड उत्तरांसह उतरवून घेऊन तसाच चालविता येऊ लागला. कोडची मांडणी आपोआप नीटनेटकी करणारा ‘टायडी’ हा पर्याय सुरुवातीला चालू असे आणि त्याचे काम ‘फॉर्मॅटआर’ हे साधन करी. टिपा वाचविण्यासाठी त्यात अशी युक्ती होती की, टीप आधी अवतरणातील मजकुराचे सोंग घेई, पुनर्रचना झाली की पुन्हा टीप होई. परंतु एखाद्या विधानाच्या मधोमध आलेल्या टिपेपाशी ही युक्ती अडत असे. ओळीची रुंदी ठरविणारा आकडाही कमाल मर्यादा नसून, त्याच्या पुढे ओळ तोडण्याचा प्रयत्न सुरू करावा एवढीच सूचना होती, त्यामुळे लांब ओळी पानाच्या कडेबाहेर जात. पुढे निटरने टायडी बंद ठेवणे हीच मूळ स्थिती मानली, आणि नंतर आलेल्या ‘स्टायलर’सारख्या साधनांनी टिपांसह मूळ मजकुराच्या नोंदी राखूनच मांडणी सुधारण्याचा मार्ग धरला.

हा बदल निव्वळ सोयीपोटी झालेला नाही. कनूथ यांच्या ग्रंथात कोड हा वाचनाचा विषय होता, तर संशोधन-अहवालात तो निष्कर्षाचा पुरावाही असतो, आणि पुराव्यात आज्ञेइतकेच तिच्यालगतच्या कारणालाही महत्त्व असते. म्हणून आज मांडणी सुधारण्याचे साधन उपलब्ध असले, तरी ते लेखकाने मागितल्यावरच आणि त्याने सांगितलेल्या तुकड्यापुरतेच काम करते.